रऊफ नालबंदांची यादी

रऊफभाई आमच्या कॉलेजात होते तोवर दर आठवड्याला, त्यांच्या गावच्या, म्हणजे धाडच्या, बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता अख्ख्या कॉलेजातले संगणक पंधरा मिनिटं माणसं ओळखेनासे व्हायचे. पासवर्ड बरोबर टाका, चूक टाका, देवाचं नाव टाका, यंत्र ढिम्म. प्राचार्यांच्या केबिनपासून ग्रंथालयापर्यंत एकच बोंब उठायची, आणि सर्व्हरच्या खोलीला आतून कडी घालून रऊफभाई स्टुलावर शांत बसलेले असायचे. बाहेरून कोणी दार बडवलं तर आतून एकच उत्तर यायचं, "पंधरा मिन्टं. च्या पिऊन या."

मी तिथं संगणक विभागाची प्रमुख होते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूरचा घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून आमचं कॉलेज. मी मूळची अकोल्याची आणि शिकले पुण्यात, म्हणजे दोन्हीकडून वाया गेलेली. शिस्त, वेळापत्रक आणि नोटीसबोर्ड यांच्यावर माझा फार विश्वास. रऊफभाई कागदोपत्री माझ्या हाताखालचे, 'प्रयोगशाळा सहायक, कंत्राटी'. प्रत्यक्षात कोण कोणाच्या हाताखाली आहे ते बाजाराच्या दिवशी अकरा वाजता सगळ्यांना कळायचं.

एकदा नेमकी त्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक येऊन बसले, मुलं यंत्रांसमोर बसली, आणि अकराला सगळं बंद. मी तावातावानं जाऊन दार बडवलं. "रऊफभाई, परीक्षा आहे!"

"हाव, मालूम हाय म्याडम. म्या कालच म्हनलं होतं, साडेअकराले ठेवा म्हनून. तुमी आयकलं नाई."

पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात, चार लोकांदेखत, मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्याडम, बैलाले नाल ठोकतांनी पाह्यलं का तुमी कधी?"

त्यांचे वडील, करीमचाचा, धाडच्या बाजारात बैलांना नाल मारायचे. बैलाचे पाय दोरीनं बांधायचे, त्याला अलगद आडवा पाडायचा, खुर तासायचे आणि मग खिळे ठोकायचे. रऊफभाई म्हणाले, "उभ्या बैलाले ठोकली तं खिळा मासात जाते. तवा काई दिसत नाई. बैल चालते, मालक खूश. चार कोसावर गेला की लंगडते. चालत्या सर्व्हरच्या फायली उचलल्या तं त्याहीचं तसंच होते. दिसाले समद्या बऱ्या, अन् कामाच्या टायमाले लंगड्या. म्हनून आधी पाडा लागते."

सर्व्हर थांबवल्याशिवाय त्याच्या फायलींची नक्कल घेऊ नये, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवत होते. त्यामुळे राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला.

हा सर्व्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. साध्या भाषेत, कॉलेजातल्या सगळ्या माणसांची एकच यादी. कोण आहे, कुठल्या खात्यात आहे, त्याला कुठलं दार उघडून द्यायचं. लॅबमधला संगणक उघडा, ग्रंथालयात पुस्तक घ्या, रजेचा अर्ज टाका. प्रत्येक वेळी समोरचं यंत्र गुपचूप त्या यादीला विचारतं, हा माणूस आपला आहे का? यादी हो म्हणाली तर माणूस आहे, नाही म्हणाली तर तुम्ही प्राचार्य असलात तरी दारात उभे. रऊफभाईंनी ही यादी मुळापासून उभी केली होती. मी तेव्हा कॉलेजात नवी होते आणि ते माझ्यानंतर एका वर्षानं लागलेले. पुस्तकं मी मागवली, ती वाचली मात्र त्यांनी.

यादीत नावं घालायची त्यांची रीत त्यांची स्वतःची होती. आमच्या जिल्ह्यात 'गजानन' म्हणून हाक मारली तर अर्धं कॉलेज मागं वळतं, आणि शेख रफीक तर आमच्याकडे एका वेळी तीन होते. मी नियम काढला की पहिल्याला नुसतं नाव द्या, पुढच्यांना एक, दोन, तीन असे आकडे लावा. रऊफभाईंनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि नियम पाळला नाही.

"माणसाले नंबर कायले? त्याले गाव नाई का?"

त्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे गाव लावलं. गजानन-बीबी, गजानन-मोताळा, रफीक-धाड. एवढी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी माणसांना हजेरी क्रमांकानं ओळखणारी. पुढे तर मुलं एकमेकांना तशीच हाक मारायला लागली. "ए गजानन बीबी, काऊन बे, डबा खाल्ला का माहा?" असं ऐकू यायचं.

दुसरं म्हणजे, यादीत कोणाला घ्यायचं याबाबतीत हा माणूस कोणाचं ऐकायचा नाही. शिक्षक आणि कार्यालय एवढंच घ्या, असं ठरलं होतं. रऊफभाईंनी शिपाई घेतले, वसतिगृहाचे पहारेकरी घेतले, बागेचे माळी घेतले. एक दिवस मी लॅबमध्ये गेले तर संडास-बाथरूम झाडणाऱ्या कमलबाई माझ्या खुर्चीवर बसलेल्या. पदर खोचलेला, उजव्या हाताचं एक बोट वर उचललेलं आणि डोळे कीबोर्डवर. त्या पासवर्ड टाकत होत्या.

"कमलबाईंना पासवर्ड कशाला?" मी विचारलं. खरं सांगते, खुर्चीचाच राग होता.

"रजेचा अर्ज टाकाले. चिठ्ठी देते बिचारी, अन् हापीसवाले म्हनतात भेटली नाई." रऊफभाई म्हणाले. "अन् म्याडम, कामावर येनारा मानूस यादीत नसन तं त्या यादीले यादी काऊन म्हना?"

कमलबाईंनी वर न बघता एकेक अक्षर दाबलं. नातीचं नाव होतं ते. शेवटचं अक्षर दाबून झाल्यावर पडद्यावर 'कमल-मोताळा' असं आलं आणि बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नंतर बराच वेळ दुसऱ्याच खुर्चीवर बसले.

आणि एकदा यादीत आलेलं नाव ते कधी पुसत नसत. माणूस नोकरी सोडून जावो, निवृत्त होवो, मरो; रऊफभाई त्या नावाला कुलूप लावायचे, म्हणजे त्या नावानं पुढे कोणाला आत जाता यायचं नाही, पण नाव जागेवर राहायचं. वसतिगृहाचे एक म्हातारे पहारेकरी वारले तेव्हा कार्यालयानं 'नाव काढून टाका' असा कागद पाठवला. रऊफभाईंनी खाली लिहून परत केला, 'कुलूप लावले. नाव राहील.' असा उद्धटपणा करणारा माणूस कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी त्याचा आदेश नव्यानं निघतो, हे आम्ही विसरायचो. ते स्वतः विसरत नसावेत, पण वागण्यात दाखवत नसत.

उंच, सडपातळ माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी स्वतः विसळायची. कार्यालयातल्या काही लोकांना ते सर्व्हर सांभाळतात हे पचत नसे. "ए नालबंद, इकडं ये," अशी हाक कोणी मुद्दाम मारली की हे तितक्याच मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "जी, रऊफ नालबंद हाजीर." कागदावर ते शेख रऊफ शेख करीम होते. पण सर्व्हरच्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतः रंगानं लिहिलं होतं, 'रऊफ नालबंद', आणि रंग उडाला की पुन्हा लिहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगताना मला स्वतःचीही सांगावी लागते, त्याला इलाज नाही.

एका वर्षी कंत्राटी लोकांनी संप केला. तो मिटवताना संस्थेनं लिहून दिलं की ज्यांची दहा वर्षं झाली आहेत त्यांना कायम करू. संप मिटला, ढोल वाजले, आणि मग संस्थेचे सचिव म्हणाले, दहा वर्षं कोणाची झालीत ते दाखवा. इथंच मेख होती. या लोकांचे आदेश अकरा-अकरा महिन्यांचे, दर वेळी वेगळ्या ठेकेदाराच्या नावानं. पगार हातात मिळायचा. जुनी हजेरीपत्रकं कार्यालयाच्या माळ्यावर होती, त्यांना म्हणे वाळवी लागली. कमलबाई पंधरा वर्षं कॉलेज झाडत होत्या, पण कागदावर त्या गेल्या दिवाळीनंतर आलेल्या होत्या.

त्याच सुमारास एका दुपारी वळवाची वीज पडली आणि सर्व्हर जळाला. वीज काही सचिवांनी पाडली नव्हती, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन. पण ती पडल्यावर त्यांनी वेळ दवडला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कंपनीचा एक इंजिनियर आला. त्यानं जळकी डिस्क हातात फिरवून पाहिली आणि सांगितलं, यातून काही निघणार नाही. आपण नवी यादी करू, नावं द्या. कार्यालयानं ताजे आदेश काढून नावं दिली. संध्याकाळी सचिव स्वतः माझ्या केबिनमध्ये आले. हातात एक कागद होता. 'जुन्या सर्व्हरवरील माहिती पुन्हा मिळण्यासारखी नाही. सबब नवीन यादी ग्राह्य धरावी. विभागप्रमुख.'

रऊफभाई त्या दिवशी रजेवर होते, भाचीच्या लग्नाला बीबीला गेलेले. मी त्यांना एक फोन करू शकले असते. दर बाजाराच्या दिवशी ते काय करतात हे मला माहीत होतं, व्हरांड्यात चार लोकांसमोर मी ते ऐकलं होतं. सचिव उभे होते, चहा निवत होता, आणि मला बुलढाण्याची बस गाठायची होती. मी सही केली.

दोन दिवसांनी रऊफभाई आले. त्यांना तो कागद आधीच कोणीतरी दाखवला होता. ते माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

"म्याडम, कोनं सांगतलं तुमाले, परत भेटनार नाई म्हनून?"

"कंपनीच्या माणसानं."

"त्याले माईत नाई, त्याचा गुन्हा नाई." एवढंच बोलून ते गेले. मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. यादीत नाव घातलं की सर्व्हर त्याच्यासोबत एक तारीख स्वतःच लिहून ठेवतो. नाव कधी घातलं आणि कोणी घातलं. ती माणसाला दिसत नाही, मुद्दाम मागावी लागते, आणि चालत्या सर्व्हरमध्ये हातानं लिहिता येत नाही. कंपनीनं नवी यादी केली तर सगळ्यांच्या तारखा नव्या येणार. पण जुन्या फायलींवरच सर्व्हर पुन्हा उभा राहिला तर जुन्या तारखा जशाच्या तशा उठणार. आणि जुन्या फायली धाडला, करीमचाचांच्या नाल-खिळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात, तीन-तीन नकला करून ठेवलेल्या होत्या. शेवटची नक्कल वीज पडायच्या पाच दिवस आधीची.

रऊफभाईंनी थेट कामगार खात्याकडे अर्ज केला. खाली त्यांच्यासकट वीस जणांच्या सह्या, त्यांत कमलबाईंचीही, वळणदार. संस्थेचे वकील म्हणाले, या फायली घरी ठेवलेल्या आहेत, त्यात काहीही फेरफार केलेला असू शकतो. अधिकारी म्हणाले, मी येऊन बघतो.

ते यायच्या आदल्या दिवशी मी सर्व्हरच्या खोलीत गेले. का गेले ते आता सांगता येत नाही. माफी मागायला गेले असेन, पण मागितली नाही. रऊफभाई स्टुलावर बसून एका कागदावर वीस नावं लिहीत होते. एकोणीस नावांपुढे त्यांनी वर्षं लिहिली होती. विसाव्या नावापुढे जागा मोकळी होती.

"तुमची तारीख?" मी विचारलं.

ते हसले. "माही तारीख कच्ची हाय."

मग त्यांनी सांगितलं. आधी यादीत त्यांचं नाव शेख रऊफ असंच होतं. करीमचाचा वारले, त्या आठवड्यात कोणीतरी कार्यालयात त्यांना ऐकवलं, की बाप नाल ठोकत मेला आणि पोरगा सायब झाला. हे तडक खोलीत आले, शेख रऊफ हे नाव पुसलं आणि रऊफ नालबंद असं नवं नाव घातलं. नाव न पुसता बदलता येतं, हे त्यांना महिनाभरानं पुस्तकात सापडलं. तोवर सर्व्हरनं आपली तारीख लिहून टाकली होती. आणि जुन्या नकला त्या काळात ते ठेवत नसत, एकाच डिस्कवर नवी नक्कल जुनीवर घालत. त्यामुळे सतरा वर्षं राबलेला माणूस यादीप्रमाणे आठ वर्षांपूर्वी आलेला होता.

"त्याच दिवशी कानाले खडा लावला," ते म्हणाले, "कोनाचंच नाव पुसाचं नाई."

मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हटलं, "रऊफभाई, ती बदलता येईल. सगळी यादी मजकुरात उतरवायची, तुमची तारीख दुरुस्त करायची, परत चढवायची. तुम्हाला येतं ते."

"येते ना. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"मग? ती खोटी थोडीच आहे? खरीच तारीख लिहायची आहे."

"म्याडम, म्या एक तारीख बदलली तं वकील म्हनन, एकोनीस बदलल्या. अन् मंग त्याचं काय चुकलं?" त्यांनी कागदाची घडी घातली. "कमलबाईची तारीख साफ हाय. तिच्यात माहा हात नाई लागाले पायजे."

मला त्यांचा राग आला. इतकं स्वच्छ राहायची चैन गरीब माणसाला कशी परवडते, असं वाटलं. तो राग माझ्यावरचाच होता, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी लॅब भरली. अधिकारी साहेब, सचिव, वकील, प्राचार्य, मी, आणि भिंतीला लागून ते सगळे कंत्राटी लोक. रऊफभाई दारापाशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"साहेब, म्या कशालेच हात लावनार नाई," ते म्हणाले. "मशीन तुमी निवडा. चालवाले कंपनीचा मानूस घ्या. म्या इथूनच सांगतो."

सचिवांनी बोलावून घेतलेला तोच इंजिनियर नाइलाजानं खुर्चीवर बसला. साहेबांनी तीस यंत्रांतल्या एकाकडे बोट केलं. इंजिनियरनं नवा सर्व्हर बसवला, डब्यातल्या फायली त्यात टाकल्या आणि सुरू केला. पडद्यावर लाल अक्षरं आली. वकील लगेच म्हणाले, "झालं. म्हणजे फायली बाद आहेत."

"बाद नाईत, जुन्या हायत," दारातून आवाज आला. "ज्या सर्व्हरनं लिवल्या त्यालेच त्या वाचता येतात. डब्यात जुनी सीडी हाय, ते टाका."

जुनी सीडी टाकून सगळं पुन्हा बसवण्यात तासभर गेला. चहा आला. कंत्राटी लोकांना कोणी चहा विचारला नाही. साहेबांनी आपला कप तिथल्या तिथे खाली ठेवून दिला. मग दुसऱ्यांदा सुरू केला आणि पुन्हा लाल अक्षरं. इंजिनियर म्हणाला, "परवानगी नाही म्हणतंय."  भिंतीशी कमलबाईंनी पदर तोंडाला लावला.

रऊफभाईंनी विचारलं, "फायलींचा मालक कोन दाखवते?"

"मुख्य वापरकर्ता. म्हणजे मी, मीच कॉपी केल्या ना."

"मंग कसं चालन? वरून येऊन फायली आनल्या म्हनून कोनी मालक होत नाई. जे रोज काम करते त्याच्या नावावर करा."

हे शुद्ध तांत्रिक वाक्य होतं. सर्व्हर ज्या खात्यानं चालतो, फायली त्याच खात्याच्या मालकीच्या लागतात, हे कोणत्याही पुस्तकात आहे. पण भिंतीशी कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि बघता बघता एकोणीस माणसं सचिवांसमोर तोंडावर हात न ठेवता हसायला लागली. साहेबही खिडकीबाहेर बघत हसले. रऊफभाई तेवढे हसले नाहीत. त्यांचे हात पाठीमागे तसेच होते.

मालक बदलला आणि सर्व्हर उठला. एक कुरकुर नाही, एक दुरुस्ती नाही. इंजिनियरनं मान वळवून विचारलं, "सर, या बंद करून घेतल्या होत्या का?" त्या दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना सर म्हणालं.

"दर बाजाराले," रऊफभाई म्हणाले.

साहेबांनी सांगितलं, कमलबाईंचं नाव काढा. कमल-मोताळा. खाली तारीख आली, पंधरा वर्षांपूर्वीची. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. कमलबाई जमिनीवर बसल्या आणि रडल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मग एकेक नाव निघत गेलं, तारखा लिहिल्या गेल्या. एकोणीस झाली. विसावं नाव निघालं, रऊफ नालबंद, तारीख आठ वर्षांपूर्वीची. साहेबांनी चष्मा काढला.

"तुमची दहा भरत नाहीत."

"नाई भरत, साहेब."

"पण या सगळ्या नोंदी तर त्याआधीच्या आहेत. त्या कोणी केल्या?"

इंजिनियरनं पडद्यावर पाहून सांगितलं, "करणारा म्हणून ॲडमिन लिहिलंय. सगळीकडे ॲडमिनच."

"ॲडमिन कोण?" साहेबांनी विचारलं.

वकील चटकन उठले. "साहेब, ते कोणाचं नाव नाही, पद आहे. त्या काळात ते कोणीही असू शकतं."

 त्या काळात ॲडमिन कोण होतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, पण संस्थेच्या कायम नोकरीत राहून ते डोळ्यांनी पाहिलेली एकटी मीच होते. विभागप्रमुख. माझ्या सहीचा कागद साहेबांच्या फायलीत वरच होता. मी पायांकडे पाहिलं. रऊफभाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मला तेवढीही सबब उरली नाही. साहेबांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पुढचं पान उलटलं.

ज्यानं स्वतःची तारीख बदलली नाही त्यानं इतरांच्या बदलल्या, असं वकिलांना म्हणता येईना, आणि एकोणीस जण कायम झाले. पेढे वाटले गेले, कमलबाईंनी मलाही आणून दिला आणि मी तो खाल्ला. रऊफभाईंचे अकरा महिने त्याच महिन्यात संपले आणि पुढचा आदेश निघालाच नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या माणसाला किल्ल्या दिल्या, दर बाजाराच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं, आणि स्वतःच्या नावाला स्वतः कुलूप लावलं. दारावरचं नाव मात्र तसंच ठेवून गेले. संस्थेनं पुढे दार रंगवलं. पहिल्या पावसाळ्यात वरचा रंग फुगला आणि खालचं नाव पुन्हा दिसायला लागलं, तेव्हा मी तिथून जाणं टाळायला लागले.

मध्ये दोन वर्षं गेली. रऊफभाई धाडला शाळांचे संगणक दुरुस्त करतात असं ऐकत होते. फोन नंबर माझ्याकडे होता. माणसाला लाज वाटते तेव्हा तो किती कामात असतो, ते माझ्याकडे पाहून कळलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात, सकाळी, बुलढाण्याच्या स्टँडवर मी अकोल्याच्या गाडीत चढले, माहेरी जायला. तिसऱ्या रांगेत खिडकीशी रऊफभाई. तसाच पांढरा शर्ट, मांडीवर कागदांची जाड पिशवी. केस सगळे पिकलेले. मला बघून अर्धवट उठले.

"सलाम म्याडम. बऱ्या हाय ना?"

"तुम्ही कुठं?"

"अकोल्याले. तारीख हाय आज." मग माझा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं. संस्थेविरुद्ध त्यांनी एकट्यानं दावा लावला होता. सतरा वर्षांचा. ही सहावी की सातवी तारीख. वकील म्हणत होते, तडजोड करा, थोडंफार देतील. "म्या म्हनलं, मले थोडंफार नाई पायजे. म्या तिथं होतो, एवढं कागदावर लिवून पायजे."

"आज काय आहे?"

"साक्षीदार मागतलेत. ॲडमिन कोन होतं ते सांगाले." ते अगदी सहज बोलत होते, कोणावर काही टाकायचा सूर नव्हता. "कमलबाई येतो म्हनली होती. पन तिले ॲडमिन काय ते सांगता येनार नाई, उलट तपासनीत फसन बिचारी. पाहू."

गाडीत माणसं चढत होती. कोणीतरी मागून मला पुढे सरका म्हणालं.  अजून मला निवृत्तीला चार वर्षं होती आणि सचिव तेच होते.

"मी येते साक्षीला," मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. घाईनं हो म्हणाले नाहीत, आभार मानले नाहीत.

"म्याडम, आधीच सांगतो. तिथं उभं राह्यल्यावर त्यो कागद दाखवतीन तुमाले. परत भेटनार नाई म्हनून सही केली होती त्यो. अन् त्या दिवशी लॅबमदी काऊन बोलल्या नाई, हे बी इचारतीन. समदं सांगा लागन."

"सांगीन."

त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकले.

"मंग बसा."